‘नातीसाठी हवंय का?’

ताई, सप्रेम नमस्कार.

मी ६७ वर्षांची, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार कराड. गेल्या दिवाळीत पुण्याहून नात आली होती, ती तिचं एक पुस्तक इथेच विसरून गेली. शिवकाळातल्या एका मावळी पोराची गोष्ट, शंभरेक पानांची. झोप येईना म्हणून चाळायला घेतलं आणि रात्री दोनला संपवूनच दिवा मालवला. तेव्हापासून नादच लागलाय. वाचनालयातून मुलांच्या ऐतिहासिक गोष्टी आणते. खिडकीवरची मुलगी दर वेळी विचारते, ‘नातीसाठी हवंय का?’ मी मान डोलावते. नात पुण्यात आणि पुस्तक माझ्या उशीखाली! आमचे हे म्हणतात, म्हातारचळ लागला. वाचनकट्ट्यावर मैत्रिणी आठआठशे पानी कादंबऱ्यांवर बोलतात. मी एकदा माझ्या पुस्तकाचं नाव काढलं तर एक जण हसून म्हणाली, ‘अगं, तू अजून चौथीतच का?’

खरं सांगा, हे डोकं थकल्याचं लक्षण आहे का? आणि दुसरं, लहानपणी तानाजीची घोरपड मी अगदी खरी मानली होती. आता कळतं की तसं काही घडलेलं नसावं. कळूनही गोष्ट आवडते आणि मग स्वतःचाच राग येतो. हे जमवायचं कसं?

ता. क. मैत्रिणीचं ते ‘चौथीत’ मला लागलं, कारण मी खरोखर चौथीत असताना कोयनेचा भूकंप झाला. आम्ही पाटणला होतो. घराची मागची भिंत पडली. सगळे अंगणात आलो, आणि आजी परत आत जाऊन विरजणाचं पातेलं घेऊन आली. का कोण जाणे, हल्ली ही पुस्तकं वाचताना तेच डोळ्यांसमोर येतं.

– स. कु., कराड

प्रिय काकू,

निम्मं उत्तर तुम्ही स्वतःच लिहून पाठवलंय, फक्त ते ता. क. मध्ये ढकललंय. तिथवर येऊच. आधी डोक्याचं बघू.

गॅस चालू राहायला लागला, ओळखीच्या माणसांची नावं आठवेनाशी झाली, तर डॉक्टरांकडे जा, आणि लगेच जा. पण पुस्तकाच्या जाडीवरून कुणी मेंदूची परीक्षा करत असल्याचं मी ऐकलेलं नाही. जी बाई एका बैठकीत पुस्तक संपवते, वर त्यातली घोरपड खरी की खोटी यावर स्वतःशीच भांडते, तिचं डोकं थकलंय म्हणणाऱ्याने आपलं तपासून घ्यावं. आणि एक साधी सोय कुणी बोलून दाखवत नाही ती मी दाखवते. मुलांच्या पुस्तकात अक्षर मोठं असतं, ओळी सुट्या असतात आणि पुस्तक उताणं झोपून एका हातात धरता येतं. आठशे पानी कादंबरी छातीवर ठेवून वाचायचा प्रयोग मी केलाय. डुलकी लागली आणि ती नाकावर आली.

आता तुमच्या मैत्रिणीचं. ‘मुलांचं’ आणि ‘मोठ्यांचं’ असं ऐतिहासिक कथेचं वाटप त्यांना इतकं पक्कं वाटतं, पण आपल्या घरांत ते तसं कधी होतं? हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं ते घरातल्या सगळ्यांनी वाचावं म्हणून, आणि ‘उषःकाल’ त्यातूनच हप्त्याहप्त्याने आली. नाथमाधवांची ‘स्वराज्य’ मालिका घ्या. आमच्या घरी तिचे भाग आजोबांच्या ट्रंकेत होते, दोघांचं मुखपृष्ठ गेलेलं, एकाची शेवटची पानं उंदरांनी नेलेली. मी बारा वर्षांची होते, आजोबा बहात्तरचे. मी शाळेतून येईपर्यंत ते माझी खूण काढून आपली घालून ठेवायचे, त्यावरून आमची भांडणं व्हायची. हे पुस्तक तुझ्या वयाचं की माझ्या, असा प्रश्न आमच्यात कधी निघाला नाही. निघाला असता तर जो हरला असता त्याला ट्रंक सोडावी लागली असती.

तरी मुद्दाम मुलांसाठी लिहिलेली ऐतिहासिक कादंबरी हा प्रकार वेगळा आहे, आणि तो मोठ्या वयात वेगळाच लागतो. यावर माझा स्वतःचा एक दाखला आहे, जरा लांबचा.

रोझमेरी सटक्लिफ नावाची इंग्रज लेखिका होती. १९५४ मध्ये तिची ‘द ईगल ऑफ द नाइन्थ’ ही मुलांसाठीची कादंबरी आली. ती बेतली आहे दोन गोष्टींवर. एक समजूत अशी की रोमन सैन्याची नववी पलटण इसवी सन ११७ च्या सुमारास ब्रिटनच्या उत्तरेकडे चालत गेली आणि तिचं पुढे काय झालं ते कुणालाच कळलं नाही. आणि दुसरी गोष्ट हातात धरता येणारी: १८६६ मध्ये सिल्चेस्टरच्या उत्खननात सापडलेला ब्राँझचा गरुड, पंख नसलेला, आता रेडिंगच्या संग्रहालयात असलेला. या दोन टोकांमध्ये तिने मार्कस नावाचा तरुण अधिकारी उभा केला. पहिल्याच नेमणुकीत तो पायाने अधू होतो, सैन्यातून बाहेर पडतो, काकाच्या घरी पडून राहतो आणि शेवटी बापाच्या हरवलेल्या पलटणीच्या निशाणावरचा गरुड शोधायला डोळ्यांच्या वैद्याचं सोंग घेऊन सरहद्दीच्या भिंतीपलीकडे जातो.

विशीत मी हे वाचलं तेव्हा मला गरुड हवा होता. भिंत कधी येते, धुकं कधी पडतं, पाठलाग कधी सुरू होतो, एवढंच. मध्ये काकाची पानं होती. म्हातारा, निवृत्त सैनिक, घरात बसून जुन्या वेढ्यांच्या युद्धशास्त्रावर ग्रंथ लिहिणारा. ती मी भराभर उलटली. पन्नाशी ओलांडल्यावर माझा घोटा मोडला आणि सहा आठवडे पलंगावर काढायची वेळ आली. तेव्हा तेच पुस्तक पुन्हा काढलं, आणि या खेपेला मला पाय दिसला. बरी होत नसलेली जखम पुन्हा उघडावी लागते तेव्हाची मार्कसची भीती. आयुष्यभर ज्याची तयारी केली ते काम आता आपल्याला कुणी देणार नाही, हे विसाव्या वर्षी कळणं. आणि तो काका! भाच्यापुतण्यांची ओझी न बोलता सांभाळणारा, रात्री दिव्यापाशी आपल्या ग्रंथात रमणारा. मला त्या घरातून बाहेर पडावंसंच वाटेना. गरुड सापडला, छान झालं.

ते सगळं पुस्तकात आधीपासून होतंच. लेखिकेने माझी वाट बघत ठेवलं होतं म्हणा ना. सटक्लिफला लहानपणीच सांध्यांच्या आजाराने गाठलं होतं, आयुष्याचा बराच काळ तिने चाकाच्या खुर्चीत काढला. आणि आपले नाथमाधव? सिंहगडावर शिकारीला गेले असता कड्यावरून पडले, कमरेखालचं शरीर लुळं झालं, आणि मग अंथरुणावरून त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या. दोघांच्याही पुस्तकांत माणसं केवढी चालतात, घोडे दौडवतात, कडे चढतात! हे बाराव्या वर्षी मला ठाऊक असतं तरी काही वाटलं नसतं. आज ठाऊक आहे म्हणून चालण्याचं प्रत्येक पान मी सावकाश वाचते. तुम्हीही आता वाचताना जिना चढणाऱ्या माणसाच्या गुडघ्याचा विचार करत असाल, पैज लावते.

आता या तुमच्या पातेल्याकडे.

११ डिसेंबर १९६७. पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटं. मोठ्यांच्या पुस्तकात याचं काय येतं? कोयनानगर, रिश्टरवर सहाच्या वर, दीडशेहून जास्त माणसं गेली, धरणाच्या पाण्याच्या भाराने भूकंप होतो का यावरची चर्चा. जगभरच्या भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत तुमच्या गावाशेजारचं नाव आहे, काकू. ते सगळं महत्त्वाचंच. पण नऊ वर्षांच्या मुलीने त्या पहाटे पाहिलं ते वेगळं: भिंत पडलीये, थंडीने दात वाजताहेत आणि आजी विरजण आणायला आत चाललीये. धरण तिला दिसलं नाही. तिच्या उंचीवरून दिसणारच नव्हतं.

मुलांसाठी चांगली ऐतिहासिक गोष्ट लिहिणारा माणूस याच उंचीवर उकिडवा बसतो. त्याला दरबारात जायला मिळत नाही, कारण त्याच्या नायकाला तिथे कुणी घेणार नाही. मग तो पागेत जातो, मुदपाकखान्यात जातो, चौकीवर ऊब धरून बसतो. खलबत अर्धंच ऐकू येतं. आई रडतेय एवढं कळतं, का ते कळत नाही. मोठ्यांच्या जाड कादंबरीत राजाच्या मनात काय चाललं होतं याची चाळीस पानं मिळतात, आणि लेखकाला ते कुठून कळलं हा प्रश्न मला तरी दर दोन पानांनी पडतो. पागेतल्या पोराला काय दिसलं असेल, एवढंच सांगणारं पुस्तक मला जास्त प्रामाणिक वाटतं. तुम्ही स्वतः इतिहासात सापडलेलं एक पोर होतात. त्या उंचीवरून लिहिलेलं वाचलं की तुमचं पातेलं डोळ्यांसमोर येणारच.

यात म्हातारपणाची म्हणून एक खास चव आहे, ती नातीला मिळत नाही. गोष्टीतल्या पोराला पुढचं माहीत नसतं. आपल्याला असतं. ते पोर बापाला निरोप देऊन हुंदडत घरी येतं, आणि आपल्याला ठाऊक असतं की तारीख कुठली आहे, गड कुठला आहे. आजीच्या वयाला हे चांगलं जमतं: सगळं कळत असून गप्प बसणं, आणि पोराला त्याच्या वेळेने कळू देणं.

घोरपडीबद्दल मात्र मी तुमच्याशी थोडी भांडणार आहे. राग कशाला हो? घोरपड शाहिराच्या पोवाड्यातून आली आणि पोवाडा ज्यांच्यासाठी गायचा ते उघड्यावर, मशालीच्या उजेडात, रात्रभर बसलेले लोक. कडा केवढा आहे हे त्यांना डोळ्यांनी दाखवायचं तर शाहीर काय करणार? तो घोरपडीला दोर बांधतो. खरं सांगायचं तर कागदपत्रांत आहे तेही कमी गोड नाही. सभासदाच्या बखरीत आहे की गड घेतल्यावर मावळ्यांनी पागेच्या खोपटांना आग लावली आणि तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला. ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र, माघातली थंडी, आणि समोरच्या डोंगरावर एकदम पेटलेला उजेड. फत्ते झाली एवढं त्यातून कळतं. तानाजी पडल्याचं कळत नाही. ते दुसऱ्या दिवशी. आणि तोंडी बसलेलं ‘गड आला पण सिंह गेला’ हे वाक्यही सभासदाकडे तसं नाही. तिथे महाराज म्हणतात ते साधारण असं की एक गड घेतला, पण एक गड गेला. तानाजीलाच गड म्हटलंय! शिवाय ‘सिंहगड’ हे नाव १६६३ च्या पत्रात सापडतं, म्हणजे तानाजी पडण्याच्या सात वर्षं आधी. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा दोन दिवस चुकल्याचुकल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी मी विचार करत होते की आग लावण्याआधी त्या पागेतले घोडे कुणी सोडले असतील.

बघा, झाली ना मुलांची गोष्ट सुरू.

सटक्लिफच्या पुस्तकाचंही असंच झालं. त्याच नवव्या पलटणीचे शिक्के असलेली कौलं नेदरलँड्समध्ये नाइमेखेनला सापडली, म्हणजे ब्रिटनच्या धुक्यात ती गडप झाली ही समजूत डळमळली. तो गरुडही पलटणीच्या निशाणावरचा नसून एखाद्या पुतळ्याचा भाग असावा, असं म्हणतात. पुस्तक मात्र अजून वाचलं जातं. मी वाचते.

खरं-खोटं वेगळं ठेवायची एक चांगली पद्धत मला लोइस लॉरी या अमेरिकन लेखिकेकडे दिसली. १९४३ मध्ये डेन्मार्कच्या लोकांनी आपल्या ज्यू शेजाऱ्यांना बोटींतून समुद्रापार स्वीडनला पोचवलं, त्यावर तिची ‘नंबर द स्टार्स’ ही मुलांची कादंबरी आहे. त्यातली दहा वर्षांची मुलगी जंगलातून धावत मामाच्या बोटीवर एक पुडकं पोचवते. पुडक्यात काय, तर साधा हातरुमाल. तो कशासाठी, हे वाचताना मला बनाव वाटला. शेवटी लेखिकेने टीप दिली आहे: मुलगी कल्पनेतली, पण रुमाल खरा. सैनिकांच्या कुत्र्यांना बोटीत लपलेल्या माणसांचा वास येऊ नये म्हणून त्यावर सशाचं वाळवलेलं रक्त आणि कोकेन यांची पूड लावत. कुत्रं हुंगायला आलं की त्याचं नाकच बधिर. जे रचलेलं वाटलं तेच खरं निघालं. अशी दोन पानांची टीप मराठीतल्या मुलांच्या ऐतिहासिक पुस्तकांत क्वचितच दिसते, आणि ही माझी प्रकाशकांवरची जुनी तक्रार आहे. लेखकाने बखर वाचलेली असते, गड पायाखाली घातलेला असतो, मग दोन पानं लिहायला काय जातं? तोवर तुम्हीच एक करा. वाचताना शंका आली की कागदाच्या कपट्यावर टिपून पुस्तकात ठेवा. पुस्तकावर पेन्सिल लावू नका. मी बारा वर्षं शाळेच्या ग्रंथालयात लोकांच्या खुणा खोडण्यात घालवली आहेत.

घोरपड मला टोचत नाही. टोचतं ते दुसरं. उदेभान म्हटलं की लाल डोळ्यांचा राक्षस काढायचा. तो राजपूत होता, आपल्या मुलखापासून शेकडो कोस लांब, मोगलांच्या चाकरीत एका परक्या डोंगरावर किल्ला सांभाळत बसलेला, आणि त्याच रात्री तोही मेला. त्याच्या घरी ही बातमी कधी पोचली असेल? बारा वर्षांच्या मुलाला हे सुचत नाही, पण लेखकाला सुचायला हवं. ज्या पुस्तकात आपल्याकडचा प्रत्येक जण वाघ आणि पलीकडचा प्रत्येक जण ढेरपोट्या भित्रा, ते पुस्तक मुलांनाही देऊ नये असं माझं मत आहे. दर पानावर ‘बाळांनो’ म्हणून उपदेश करणारं आणि आठ वर्षांच्या पोराच्या तोंडी भाषण घालणारं पुस्तकही खुशाल अर्ध्यावर सोडा. माझी परीक्षा सोपी आहे. पहिल्या वीस पानांत माणसं काय जेवली आणि रात्री कशावर निजली हे कळलं नाही, की मी पुस्तक परत करते.

हिरकणीचंही एकदा असं करून बघा. लहानपणी ती कडा उतरणाऱ्या बाईची गोष्ट असते. माझं बाळ तान्हं होतं तेव्हा ती पान्ह्याची गोष्ट झाली. हल्ली मी दुसऱ्याच बाईचा विचार करते: खाली वाडीत ते बाळ त्या रात्री कुणाजवळ होतं? कुणी तरी म्हातारी असणार. तिच्यावर बुरूज नाही.

राहता राहिली बाकीची मंडळी. यजमानांना काही समजवायला जाऊ नका, एखादं पुस्तक पंख्याखाली उघडं ठेवून भाजीला जा. परत आल्यावर खूण हललेली दिसली तर मला कळवा. कट्ट्यावर पुढच्या खेपेला पुस्तकाचं नाव सांगू नका, त्यातलं एक पान मोठ्याने वाचा. ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही बालभारतीने इंटरनेटवर फुकट ठेवलेत. १९७१ च्या नोव्हेंबरात ते सुरू झालं तेव्हा तुम्ही तेरा वर्षांच्या, म्हणजे ते तुमच्याचसाठी निघालं होतं. टॅबवर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. आणि वाचनालयातल्या त्या मुलीला पुढच्या वेळी ‘माझ्यासाठी’ म्हणा. तिला त्यात वाईट हेतू नाही, बिचारीला दुसरं गिऱ्हाईक कधी भेटलं नसेल. एकदा कळलं की नवीन आलेलं पुस्तक ती तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवेल, हे मी खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेल्या माणसाच्या अनुभवाने सांगते.

नातीला फोन करा आणि तिचं पुस्तक तुम्ही वाचलंत हे कबूल करा. तिला काही शिकवू नका. शेवट तिला पटला का, एवढं विचारा.

आणि काकू, एक गोष्ट तुम्ही अर्धीच लिहिलीत, त्यामुळे मला दोन दिवस चैन नाही. विरजण हललं की दही लागत नाही, असं माझी आई भांड्याला हात लावू न देता सांगायची. तुमच्याकडे तर सबंध जमीनच हलली होती. सकाळी अंगणात ते पातेलं उघडलं, तेव्हा दही लागलं होतं का?

तुमची,
ताई